रहाडीवरचं कारंजं

गोरक्षला ओळखत नाही असा माणूस आमच्या उंबर चौकात सापडणार नाही, आणि त्याला एकदाही शिव्या न घातलेला माणूस तर त्याहून नाही. कारण गोरक्ष व्हॉल्व्हमन. जुन्या नाशकातल्या आमच्या सात-आठ गल्ल्यांना पाणी कधी यायचं, किती यायचं, हे तेहतीस वर्षं त्याच्या मनगटात होतं. सकाळी साडेपाचला तो खिळखिळ्या लुनावरून यायचा. लोखंडाची पुरुषभर उंचीची चावी लुनाला आडवी बांधलेली असायची. रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी खाली घालायची आणि वरची आडवी दांडी धरून आटे फिरवायचे. दहा मिनिटं उशीर झाला की गॅलऱ्यांतून बायका ओरडायला लागायच्या. त्यात मी सगळ्यांच्या पुढे. मी कुसुम. बत्तीस वर्षं शाळेत क्लार्क होते, आवाज तेव्हाचा आहे.

"आलो ना कुसुमताई! पाणी काय पळून चाललंय का?"

"पाणी नाही पळत, माझं वय पळतंय! सोड लवकर."

हा आमचा सुप्रभात. तेहतीस वर्षांत एकदाही चिडला नाही माणूस. कोणीही काहीही सांगितलं तरी 'हो साहेब' म्हणायचं आणि आपलं काम करायचं, हा त्याचा स्वभाव. मला अशा माणसांचा रागही येतो आणि त्यांच्याशिवाय चालतही नाही.

पण वर्षातून एक दिवस हाच गोरक्ष चौकाचा राजा असायचा. रंगपंचमीला.

बाहेरच्या पाहुण्यांना रहाड समजावून सांगताना माझा दरवेळी घसा कोरडा पडतो. एकदाच सांगते, नीट ऐका. रहाड म्हणजे रस्त्याखाली गाडलेला दगडी हौद. आमचा पंचवीस फूट लांब, तेवढाच रुंद, आठ फूट खोल. वर्षभर त्यावर जाड सागवानी फळ्या असतात, फळ्यांवर मुरूम, मुरमावर आमच्या स्कूटर आणि भाजीवाल्यांच्या पाट्या. होळी झाली की मुरूम उकरायचा, फळ्या काढायच्या, हौद धुऊन पाण्याने भरायचा. पेठ-सुरगाण्याकडून पळसाची फुलं येतात. ती मोठ्या कढयांत उकळून त्या रंगाने पाणी केशरी करायचं. मग पूजा. ती आमच्या घरची, म्हणजे माझे यजमान ढुंढिराजशास्त्री करतात. पूजेनंतर पहिली उडी. तिला धप्पा म्हणतात. तो असा मारायचा की पाणी गॅलरीपर्यंत उडालं पाहिजे. मग दिवसभर सगळा चौक त्यात बुचकळून निघतो. संध्याकाळी हौद रिकामा, फळ्या, मुरूम, आणि दुसऱ्या दिवशी तिथे पुन्हा कोथिंबिरीची जुडी. इथे खाली काही आहे याची वर एक खूण नाही. नेमकी जागा फक्त एका घराला माहीत. गोरक्षच्या.

मारुतीच्या शेवटच्या पायरीपासून उंबराकडे एकोणीस हात, तिथून डावीकडे चार हात. तिथे रहाडीचा पहिला कोपरा. हात म्हणजे गोरक्षचा हात, कोपरापासून मधल्या बोटापर्यंत. त्याच्या वडिलांचे अठराच भरायचे, कारण ते उंच होते. कागदावर काही नाही, असायची गरजही पडली नव्हती.

पहिला धप्पा याच घराचा. त्या मानाला नियम एकच, पण कडक. ज्या घरचा धप्पा एक वर्ष चुकला, त्या घरचा मान शेजारच्या घराकडे गेला. करोनाच्या वर्षीसुद्धा पाच माणसांत पूजा करून गोरक्षने एकट्याने धप्पा मारला होता. मी गॅलरीत एकटीच टाळ्या वाजवत होते. शेजारचं घर म्हणजे देवरामअण्णांचं. अण्णांचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि जिममध्ये जाणारे दोन नातू आहेत, त्यामुळे गोरक्षच्या तब्येतीची चौकशी ते नेहमी फार आपुलकीने करतात.

आणि तब्येतीचंच झालं. गेल्या वर्षी धप्पा मारल्यावर गोरक्षला वर ओढायला तीन माणसं लागली. गुडघे गेले. डॉक्टरांनी सांगितलं, पुढच्या वर्षी उडी मारलीत तर चालणं विसरा. गोरक्षला मुलगा नाही. एकच मुलगी, निकिता. कळवणला सरकारी दवाखान्यात नर्स आहे. गंगेत, म्हणजे आमच्या गोदावरीत, पोहायला बापाने शिकवलेलं. ती म्हणाली, "मी मारते धप्पा. घरचाच ना? मग मी काय भाड्याने राहते?"

झालं! चौक पेटला. आमच्या रहाडीत बाई कधी उतरलेली नाही. आम्हाला काय, गॅलरीत कळशीभर रंगाचं पाणी पोचवलं की आमची रंगपंचमी झाली. सासष्ट वर्षांची आहे मी, त्यातली बेचाळीस या गॅलरीत गेली, पण त्या पाण्यात माझा अंगठा बुडलेला नाही. अण्णा म्हणाले, "परंपरा आहे." पण दिवाळीत अण्णांच्या पायाला जखम झाली, साखरेमुळे भरेना. रजेवर आलेल्या निकिताने रोज सकाळ-संध्याकाळ येऊन ती धुतली, बांधली, महिनाभरात बरी केली. त्याच पायावर उभं राहून तिला नाही म्हणायचं अण्णांना जमेना. बैठकीत म्हणाले, "बरं, या वर्षी बघू." अण्णांचं 'बघू' म्हणजे हो, हे सगळ्यांना माहीत आहे. गोरक्ष त्या दिवशी पाणी वीस मिनिटं जास्त सोडून गेला.

इथवर सगळं छान होतं. मग आमच्या चौकाला विकासाची दृष्ट लागली.

दीपकभाऊ आमच्या भागाचे नेते. ते निवडून आलेले नाहीत, येणार आहेत. गेली अकरा वर्षं येणार आहेत. त्यांचं 'रंगवैभव प्रतिष्ठान' आहे, त्यात भाऊ अध्यक्ष, वहिनी उपाध्यक्ष आणि बाकीचे फ्लेक्सवर. कुंभ जवळ आला तसं जो तो काही ना काही सुशोभित करत सुटला. कोणी भिंती रंगवल्या, कोणी खांबांना दिवे गुंडाळले. भाऊंच्या मनाने घेतलं, आपण काय करायचं? कोणीतरी सांगितलं, तुमच्याकडे रहाड आहे, तिच्यावर काहीतरी करा. भाऊंनी तो सल्ला शब्दशः घेतला, पण ते पुढे.

भाऊंना हवा होता आर्किटेक्ट. आणि इथे मीच माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला. माझ्या बहिणीचा मुलगा यशोधन नुकताच शिकून आला होता. मीच भाऊंना म्हटलं, "आमचा यशोधन आहे ना, हुशार आहे." हुशार आहेच तो. त्याचाच तर वांधा झाला.

यशोधन लॅपटॉप घेऊन आला. चौकात उभा राहून चारी बाजूंना बघितलं आणि म्हणाला, "मावशी, रहाड कुठेय?"

"तू तिच्यावर उभा आहेस."

त्याने एक पाय उचलला. खाली बघितलं. मुरूम. म्हणाला, "पण इथे तर काहीच दिसत नाही!"

"मार्चमध्ये ये, दिसेल."

"मावशी, पर्यटक बारा महिने येतात. वारसा असा पाच दिवस दाखवून चालत नाही."

आणि त्याने कारंजं काढलं. रंगपंचमीच्या परंपरेचा गौरव करणारं कारंजं. गोल टाकी, बारा फूट व्यासाची. मध्ये फायबरच्या सात मूर्ती रंग खेळताना. त्यातल्या सहा जणांचे चेहरे एकाच साच्यातले. बायकांना नेसवलेली नऊवारी अशी की आमच्या गल्लीतल्या कोणत्याही बाईने नेसली तर चार पावलांत सुटेल. खालून सात रंगांचे दिवे, वर गाणी वाजणार, बाजूला सेल्फीसाठी चौकट. सातवा सगळ्यात वर, हवेत उडी घेतलेला पुरुष, दोन्ही हात पसरलेला. त्याचा चेहरा तेवढा वेगळा होता. मिशी, गालावरचा तीळ, कपाळावरचं गंध. नीट बघितलं तर ते दीपकभाऊ. भाऊंनी जन्मात कधी धप्पा मारलेला नाही. रंगपंचमीला ते पांढरे कपडे घालून गॅलऱ्यांखालून जपून चालतात.

यशोधन गोरक्षकडे गेला. म्हणाला, "काका, रहाडीची नेमकी जागा दाखवाल का? मला ड्रॉइंगवर घ्यायचीय."

इतक्या वर्षांत त्याला कोणी काका म्हणून काही विचारलं नव्हतं. गोरक्ष हरखला. त्याने चप्पल काढली, मारुतीच्या पायरीला हात लावला, गुडघे दुखत असताना खाली बसून एकोणीस हात मोजले, चार मोजले, चारी कोपरे काढले आणि पिशवीतला चुना टाकून पांढरा शुभ्र चौकोन आखला. वरून मधोमध फुली मारली. लांबून मला ओरडून म्हणाला, "कुसुमताई, बघा! आता कोनी हात नाय लावायचं हिला!"

आता हे समजून घ्या, कारण सगळं घोडं इथेच अडलं. व्हॉल्व्हमनच्या कामात रस्त्यावर चुन्याचा चौकोन घातला की त्याचा अर्थ, खाली लाइन आहे, इथे खोदू नका. तेहतीस वर्षं त्याने असेच चौकोन घातले आणि लोकांनी ते पाळले. आणि बांधकामवाल्याच्या कामात चुन्याचा चौकोन म्हणजे, इथेच खोदा. दोघंही आपापल्या जागी शंभर टक्के बरोबर.

दुसऱ्याच दिवशी गोरक्षला कुंभाच्या नव्या पाइपलाइनच्या कामाला तपोवनात पाठवलं, बारा दिवस. मी देवळाली कॅम्पला गेले, माझी मुलगी स्वानंदी बाळंत झाली म्हणून. ठेकेदाराने चौकात पत्रे लावले, पत्र्यांवर भाऊंचे फोटो लावले आणि चुन्याच्या आत खोदायला सुरुवात केली. फूटभर खाली लाकूड लागलं. ठेकेदार खूश. म्हणाला म्हणे, "जुन्या लोकांनी बेस लय मजबूत करून ठेवलाय." त्यावर त्याने सळई टाकली आणि काँक्रीट ओतलं.

मी परत आले तर पत्रे काढलेले आणि समोर कारंजं उभं. मी यजमानांना विचारलं, "अहो, तुम्ही घरात होतात ना? काही बोलला नाहीत?"

ते म्हणाले, "मला वाटलं, त्यांना माहीत असेल."

चौकातल्या पन्नास घरांना विचारलं. पन्नास घरांना हेच वाटलं होतं. शिकलेली माणसं आहेत, नकाशे आहेत, काहीतरी सोय केली असेल! अण्णांनी तर सिमेंट दिलं होतं.

गोरक्ष आला. लुनावरून उतरला. मग कारंज्याभोवती एक फेरी मारली, खाली वाकून एका जागी हात लावला. तिथे कडेला त्याचा चुना अजून बोटभर दिसत होता. वर बघून मला म्हणाला, "ताई, मीच दाखवली हो जागा." मला त्याच्याशी भांडायचं होतं. त्याऐवजी मी त्याला चहाला वर बोलावलं. आयुष्यात पहिल्यांदा.

भाऊंकडे तो तीनदा गेला. तिसऱ्या वेळी मी बरोबर होते. पहिल्यांदा भाऊ म्हणाले, "गोरक्ष, आपण रहाडीचाच तर सन्मान करतोय." दुसऱ्यांदा म्हणाले, "आता लोकांनी कारंज्यातच रंग खेळायचा. आधुनिक रहाड समज."

तिसऱ्यांदा गोरक्षने हात जोडून सांगितलं, "भाऊ, खाली पोकळ हाय. आठ फूट. फळ्या यंदा बदलायच्या होत्या, तीन कुजल्यात. वर आठ हजार लिटर पाणी बसलं तर धरायच्या नाय. तुमचे पाहुणे त्याच कट्ट्यावर उभे राहणार हायेत."

भाऊ फोनमध्ये बघत होते. म्हणाले, "तू इंजिनियर आहेस का?"

"नाय साहेब."

"मग तू फक्त पाणी सोड."

यशोधनला मी घरी बोलावून झापलं. तो कागद घेऊन बसला, आकडे मांडले आणि पांढराफटक पडला. "मावशी, मी खाली जमीन धरली होती." त्याने लगेच भाऊंच्या ऑफिसला मेल पाठवला. सविस्तर, आकृत्यांसह. भाऊंच्या ऑफिसात मेल कोण उघडतं? तिथे शुभेच्छांचे फोटो येतात आणि जातात.

होळीला निकिता आली, आठ दिवसांची रजा काढून. कारंज्यासमोर उभी राहिली आणि बापाकडे बघितलं. गोरक्ष नजर चुकवायला लागला तेव्हा तिला कळलं. अण्णा दुकानाच्या पायरीवर होते. ती सरळ गेली. "अण्णा, रहाडच बंद केली तर धप्पा कसा मारणार? हे वर्ष धरू नका."

अण्णांनी आपल्या बऱ्या झालेल्या पायाकडे बघितलं. मग दुसरीकडे बघितलं. "पोरी, नियम माझा आहे का? धप्पा चुकला तो चुकला. पुढच्या वर्षी कारंजं हलवतील, तेव्हा बघू." आणि या 'बघू'चा अर्थ नाही असा होता, हेही सगळ्यांना कळलं. मला असा संताप आला ना! म्हटलं, या माणसाची जखम चिघळायला हवी होती. देवा, माफ कर, पण म्हटलं खरं.

रंगपंचमीला सकाळी अकराला उद्घाटन. मुंबईहून मोठे पाहुणे येणार. त्याच्या तीन दिवस आधी भाऊंचा हुकूम आला, चाचणी घ्या. आणि मग मी एक गोष्ट बघितली जी मला तेहतीस वर्षांत दिसली नव्हती. गोरक्ष 'हो साहेब' म्हणाला नाही. म्हणाला, "लेखी द्या."

भाऊंच्या माणसाने वैतागून मोबाइलवर पाठवलं : 'कारंज्यात पाणी सोडणे. पूर्ण भरणे. भाऊंच्या आदेशाने.' गोरक्षने ते निकिताला दोनदा वाचायला लावलं. मग तो कामाला लागला. दुपारचे तीन. त्याने चौकाच्या चारी तोंडांना दोऱ्या बांधल्या. पाणीपुरीची गाडी स्वतः ढकलत गल्लीत नेली. झोपलेलं कुत्रं उठवलं. स्कूटर हलवायला लावल्या. मग माझ्या गॅलरीखाली येऊन उभा राहिला.

"ताई, एक काम करा. आरडा."

"काय आरडू?"

"कायपण. माणूस चौकात फिरकला नाय पायजे."

बाई, हे काम मला कोणी सांगायला लागतं का? मी जो पट्टा सोडला, दोरीच्या जवळसुद्धा कोणी येईना. अण्णा दुकानातून डोकावले, त्यांनाही आत पिटाळलं.

गोरक्षने मारुतीला नमस्कार केला. झाकण उचललं, चावी घातली आणि फिरवायला लागला. अठरा आटे. तोंडातल्या तोंडात मोजत होता. टाकीत पाणी यायला लागलं. मग तो दोरीच्या बाहेर येऊन निकिताशेजारी बसला आणि दोघं बघत राहिली. मी गॅलरीचा कठडा घट्ट धरला होता. न फुटलं तर निकिताचा धप्पा गेला, आणि आज न फुटता रंगपंचमीला फुटलं तर माणसं गेली.

वीस मिनिटं झाली. अर्धा तास. टाकी काठोकाठ भरली, पंप चालू झाला, सात रंगांचे दिवे लागले, गाणं सुरू झालं. चांगलं चाललं होतं हो! गोरक्षचा चेहरा उतरला. आणि मग जमिनीतून आवाज आला. कड्. मग दोन-तीन लागोपाठ. कारंजं थोडं कलंडलं. नंतर आपलं सावकाश, अंग दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसासारखं, खाली बसलं. धूळ, पाणी, गाणं तसंच चालू. धूळ बसली तेव्हा सहा मूर्ती कमरेएवढ्या पाण्यात उभ्या होत्या, हात वर, चेहरे हसरे. पहिल्यांदाच त्या खरोखर रहाडीत असल्यासारख्या दिसल्या. आणि सगळ्यात वरचे फायबरचे दीपकभाऊ सुटून पाठीवर पडले होते, दोन्ही हात पसरून तरंगत.

कोणाला खरचटलंसुद्धा नाही. मी इतकी हसले की यजमान पूजेतून उठून बाहेर आले.

खरे दीपकभाऊ पंधरा मिनिटांत आले. रहाडीत बघितलं. आपल्या स्वतःच्या तोंडाकडे बघितलं. त्यांचा रंग उडाला, पण नेता तो नेता. दहा मिनिटं फोनवर बोलले, बाजूला जाऊन पाणी प्यायले आणि परत येऊन ओरडले, "क्रेन बोलवा! पाहुणे यायच्या आत हौद रिकामा झाला पाहिजे!" दोन दिवसांत सगळं काँक्रीट निघालं. गोरक्षच्या घरच्यांना दरवर्षी उकरायला चार दिवस लागायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी चौकात नवा फ्लेक्स : 'दीपकभाऊंच्या संकल्पनेतून ऐतिहासिक रहाड जनतेसाठी खुली!' फोटो तोच. पाहुण्यांना कारंज्याचं काय सांगितलं, देव जाणे.

पण अण्णा गप्प बसणारे नव्हते. रंगपंचमीला पूजेची तयारी झाली, मालनने, म्हणजे गोरक्षच्या बायकोने, उकळलेला पळस कढयांतून ओतला, पाणी केशरी झालं. निकिता पदर-बिदर नाही, सरळ सलवार-कमीज घट्ट बांधून कडेला आली. आणि अण्णा पुढे झाले.

"थांबा. पहिला धप्पा तर होऊन गेला."

"कोणाचा?" मी वरून विचारलं.

"भाऊंचा. सगळ्या चौकाने बघितला. पाणी उडालं की नाही? मग गोरक्षच्या घरचा पहिला राहिला कुठे? मान चुकला."

माणूस खोटं बोलत असेल तर त्याच्याशी भांडता येतं. हा तर नियमाने बोलत होता. लोक एकमेकांकडे बघायला लागले. भाऊंची छाती जरा फुगलेलीसुद्धा मी बघितली. निकिता बापाकडे वळली. गोरक्ष मान खाली घालून उभा होता. परत तेच, हो साहेब. मी जिन्याकडे धावले, पण माझ्याआधी एक आवाज आला. माझे यजमान. बेचाळीस वर्षं संसार केलाय, या माणसाने चारचौघांत तोंड उघडलेलं मला आठवत नाही. हातातली पळी ताम्हणात ठेवून ते शांतपणे म्हणाले, "देवराम, पूजा झाली होती का?"

"नाही, पण..."

"पूजेच्या आधी जो आत जातो त्याला धप्पा म्हणत नाहीत. त्याला पडणं म्हणतात."

अख्खा चौक फुटला! मुलं नाचायला लागली. अण्णांचे नातूसुद्धा हसत होते. भाऊ घाईने पांढरा शर्ट सांभाळत पाहुण्यांच्या मागे सरकले. शास्त्रीबुवांनी पाण्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि निकिताकडे बघून मान हलवली.

गोरक्ष माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. मी खाली उतरले होते तोवर. इतकी वर्षं तो पाण्याच्या आतच असायचा. वरून धप्पा कसा दिसतो हे त्याने कधी बघितलंच नव्हतं. निकिता चार पावलं मागे गेली, धावली, उडी घेऊन हवेत पाय दुमडले आणि बसली पाण्यावर. धप्प! पाणी वर गेलं ते आमच्या गॅलरीच्याही वर, दुसऱ्या मजल्यावर. केशरी छत्री उघडली नुसती. आणि सगळं आमच्या अंगावर आलं.

"असं दिसतंय होय ताई," गोरक्ष म्हणाला. चेहरा भिजलेला होता, त्यामुळे तो रडत होता की नाही हे कोणी विचारलं नाही. मी तर रडत होते, सरळच. निकिता वर आली, केस मागे सारले आणि हात पुढे केला. "कुसुममावशी, या. मी धरते, कडेकडेने या."

"अगं, माझं वय बघ!"

"वय पळतंय म्हणता ना रोज?"

मी चष्मा गोरक्षच्या हातात दिला आणि उतरले. बेचाळीस वर्षांनी. पाणी गार होतं आणि पळसाचा वास येत होता. तोंडाला चव तुरट. त्याच्या पुढचं मी कोणाला सांगणार नाही, ते माझं आहे.

गोरक्षला नंतर 'कारणे दाखवा' आलं, भाऊंच्या तक्रारीवरून. विनापरवाना पाणी का सोडलं? त्याने मोबाइलवरचा तो हुकूम छापून जोडला आणि खाली निकिताकडून एक ओळ लिहून घेतली : 'मी इंजिनियर नाही, मला फक्त पाणी सोडायला सांगितलं होतं, ते सोडलं.' पुढे काही झालं नाही. मे महिन्यात तो सन्मानाने निवृत्त झाला. नवा मुलगा सातला येतो. मी त्याला शिव्या घालते, पण त्याला परत बोलता येत नाही, मजा नाही.

पण त्या रंगपंचमीच्या संध्याकाळचं राहिलंच. रहाड बंद करताना नव्या फळ्या बसल्या, मुरूम पसरला. यशोधन आला होता, खाली मान घालून. म्हणाला, "काका, निदान एक पितळी पट्टी लावू या. पुन्हा असं व्हायला नको." भाऊंनी पट्टीवर नाव घालायची तयारीही दाखवली. गोरक्षने निकिताकडे बघितलं. तिने चप्पल काढली, मारुतीच्या पायरीला हात लावला आणि गुडघ्यांवर बसून आपल्या हाताने मोजत निघाली. तिचा हात लहान, तिचे एकवीस भरले. मग डावीकडे साडेचार. तिथे तळवा टेकवला.

यशोधनने चुन्याची पिशवी पुढे केली. निकिताने ती घेतली, गाठ मारली आणि बापाच्या लुनाला अडकवली. मग उठली, गुडघ्याचा मुरूम झटकला आणि कळवणची एसटी गाठायला निघाली.